परळी की अंबाजोगाई? विज्ञानाच्या पदवीसाठी महाविद्यालयाची निवड

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालयातील प्रवेशाची मुदत संपेपर्यंतचे जे काही आठवडे असतात, त्यांत परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावी घरोघर जो खल चालतो, त्याचा बहुतेक भाग वैद्यकाच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांतील गुणांनी व्यापलेला असतो. हे स्वाभाविकच आहे. कारण शेजारच्या लातूर शहराने गेल्या काही दशकांत या परीक्षांच्या तयारीची एक शिस्त घालून दिली, तिला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले, आणि साऱ्या मराठवाड्यातील पालकांच्या आकांक्षांना तिने एकच दिशा लावली. परंतु या गर्दीत थोडे विद्यार्थी असे असतात, की ज्यांना पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा गणित हा विषयच मनापासून शिकावयाचा असतो. आणि काही असेही असतात, की जे वैद्यकाची जागा हुकल्यामुळे बी.एस्सी.कडे वळतात, पण वर्षभरात एखाद्या विषयाची गोडी लागून त्यातच रमतात. या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना सल्ला द्यावयास सहसा कोणी बसत नाही, आणि कोणत्या महाविद्यालयात नाव घालावे हा त्यांच्या आयुष्यातील एक मोठा निर्णय शेजाऱ्याच्या शिफारशीवर किंवा मोटारस्थानकाच्या अंतरावर उरकला जातो. प्रस्तुत प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

परळीच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न बहुधा अगदी सुटसुटीत स्वरूपात उभा राहतो. गावातच वैद्यनाथ महाविद्यालय आहे; आणि सुमारे २५ किलोमीटरवर, बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाईला योगेश्वरी शिक्षण संस्थेचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे. यांपैकी श्रेष्ठ कोणते, असा निवाडा देण्याचा माझा हेतू नाही, आणि तसा निवाडा देता येईल असेही मला वाटत नाही. कारण ‘महाविद्यालय श्रेष्ठ’ या म्हणण्याला छोट्या गावाच्या शिक्षणात मुळी फारसा अर्थच उरत नाही. लहान महाविद्यालयात निवड करावयाची असते ती विभागाची, आणि विभाग म्हणजे दोन-चार माणसे, एक प्रयोगशाळा आणि त्या माणसांनी त्या प्रयोगशाळेत घालविलेले तास. एकाच इमारतीत रसायनशास्त्राचा विभाग नांदता आणि पदार्थविज्ञानाचा ओस, असे असू शकते. आणि दोन मैल पलीकडे नेमके याच्या उलट असू शकते. सबब, ‘परळी की अंबाजोगाई’ या प्रश्नाचे उत्तर रसायनाच्या विद्यार्थ्याला एक आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला दुसरे मिळेल, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतील.

हे नीट समजण्यासाठी आपल्या विद्यापीठांच्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. ही दोन्ही महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्नतेची ही पद्धत आपल्याकडे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावरून आली. १८३६ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ प्रारंभी स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेऊन पदव्या देत असे, आणि १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन करताना सरकारने तोच नमुना उचलला. त्याचा परिणाम आजपर्यंत टिकून आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवावयाचा, सत्राअखेरची प्रश्नपत्रिका विद्यापीठाने काढावयाची, आणि पदवीच्या दाखल्यावर नावही विद्यापीठाचेच यावयाचे. परळीत शिकलेल्या आणि अंबाजोगाईत शिकलेल्या दोन पदवीधरांच्या हाती जे प्रमाणपत्र पडते, त्यात कुलगुरूंची सही एकच असते. म्हणजे जे जे कागदावर लिहिलेले आहे, ते ते दोन्हीकडे सारखेच. फरक पडतो तो कागदावर न लिहिलेल्या गोष्टींत, आणि त्या गोष्टी घरी बसून माहितीपत्रक वाचणाऱ्या पालकाला दिसत नाहीत. त्या पाहण्यासाठी उठून जावे लागते.

आज ही निवड करता येते, हीच मुळात किती नवी गोष्ट आहे, याचा विसर पडू देऊ नये. परळी आणि अंबाजोगाई ज्यात येतात, तो बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि अंबाजोगाईचे सरकारदरबारी नाव मोमिनाबाद असे होते. १९१८ साली निजामाच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली; तेथे विज्ञानासह सर्व विषयांचे माध्यम उर्दू होते, आणि त्यासाठी हैदराबादेत एक स्वतंत्र अनुवाद विभाग शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करीत होता. देशी भाषेतून उच्च विज्ञान शिकविण्याचा तो प्रयोग त्याच्या जागी मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण घरी मराठी बोलणाऱ्या परळीच्या मुलाला त्यामुळे रसायनशास्त्र अधिक जवळचे झाले असेल, असे म्हणता येत नाही. १९२३ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, इंटरपर्यंतचे शिक्षण देणारे सरकारी महाविद्यालय निघाले, तोवर साऱ्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि पुढेही पदवीसाठी हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागे. ज्यांच्या नावाने अंबाजोगाईचे महाविद्यालय ओळखले जाते, ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते मोमिनाबादच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून आले होते. पुढे १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्यानंतर तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघू लागली. २५ किलोमीटरच्या अंतरात विज्ञान शिकविणारी दोन महाविद्यालये असणे आणि त्यांतून निवड करावयास सापडणे, हे आजोबांच्या पिढीला स्वप्नातही आले नसते.

लहान गावचे महाविद्यालय म्हणजे नाइलाजाची जागा, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर गेली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणतो, आणि त्यासाठी अमेरिकेतील दोन उदाहरणे देतो. त्या देशात केवळ पदवीपर्यंतच शिकविणारी, कला आणि विज्ञान एकत्र नांदविणारी, एक ते तीन हजार विद्यार्थ्यांची अनेक महाविद्यालये आडगावी वसलेली आहेत. ओहायो राज्यातील ओबर्लिन हे त्यांपैकी एक. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक जुएट हे जर्मनीत शिकून आलेले होते. अॅल्युमिनियम धातू स्वस्तात काढण्याची रीत ज्याला सापडेल त्याचे भाग्य उजळेल, असे ते वर्गात सांगत. चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्याने ते मनावर घेतले. १८८५ साली तो पदवीधर झाला, आणि जुएट यांनी दिलेल्या उपकरणांच्या आणि सल्ल्याच्या आधारावर घरामागच्या लाकडाच्या खोपटात प्रयोग करून २३ फेब्रुवारी १८८६ रोजी त्याने विद्युत्-विघटनाने अॅल्युमिनियम वेगळे केले; आज जगभर हा धातू त्याच तत्त्वावर निघतो. दुसरे उदाहरण आयोवातील ग्रिनेल या गावचे. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी आपल्या ओळखी वापरून त्यासंबंधीची माहिती इतक्या लवकर वर्गात आणली, की मोठ्या विद्यापीठांतून तो विषय नीटसा पोहोचण्यापूर्वीच ग्रिनेलची मुले त्याचा अभ्यास करीत होती. त्या वर्गात रॉबर्ट नॉइस होता. १९४९ साली तो तेथून पदवी घेऊन बाहेर पडला, आणि पुढे एकात्मिक मंडलाच्या जनकांपैकी एक व इंटेल कंपनीचा सहसंस्थापक झाला. ही दोन्ही महाविद्यालये थोर ठरली ती एकेका शिक्षकाच्या जागृतीमुळे, हे उघड आहे. फरक इतकाच, की तिकडील लहान महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आपणच आखते आणि परीक्षाही आपणच घेते, तर आपल्याकडे ही मुभा केवळ स्वायत्त दर्जा मिळालेल्या संस्थांना आहे. परळीच्या किंवा अंबाजोगाईच्या प्राध्यापकाला विद्यापीठाने घालून दिलेल्या चौकटीत राहूनच जे करावयाचे ते करावे लागते. म्हणून तर तो काय करतो, हे पाहणे अधिकच महत्त्वाचे.

तेव्हा पहिली चौकशी माणसांची करावी. आपल्याला ज्या विषयात पदवी घ्यावयाची आहे, त्या विभागात मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, आणि उरलेले तास कोण घेतो, हे प्रवेशापूर्वी विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या भरतीवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिल्यामुळे निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या पडल्या, आणि त्या जागांचे काम तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांकडून करून घेण्याचा शिरस्ता पडला. ज्यांना महाविद्यालयात सर्वजण ‘सीएचबीचे सर’ म्हणतात, ते हे शिक्षक. त्यांच्यात विद्वान, कष्टाळू आणि विषयावर जीव टाकणारे तरुण पुष्कळ आहेत; कित्येकांनी पीएच.डी. आणि नेट-सेट होऊन उमेदीची वर्षे या तुटपुंज्या मानधनावर काढली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला अत्यंत आदर वाटतो. परंतु ज्याला तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात, ज्याची नेमणूक सत्रापुरती असते आणि जो एका दिवशी दोन गावांतील तास धरतो, त्याने दुपारी तीननंतर प्रयोगशाळेत थांबून एका विद्यार्थ्याच्या चुकलेल्या निरीक्षणाचे कारण शोधावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? दोष त्याचा नाही. पण विद्यार्थ्याने तीन वर्षांचा हिशेब मांडताना ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करणे शहाणपणाचे नाही. ज्या विभागात निदान एक-दोन शिक्षक कायम आहेत आणि तुमची पदवी पुरी होईपर्यंत निवृत्त व्हावयाचे नाहीत, तो विभाग इतर बाबतींत थोडा उणा असला तरी मी अधिक पसंत करीन.

याच्याशी निगडित अशी आणखी एक बाब आहे, ती म्हणजे कार्यभाराची. शिक्षकांची पदे तासांच्या संख्येवर ठरतात, तास तुकड्यांच्या संख्येवर, आणि तुकड्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर. त्यामुळे ज्या विषयाला पहिल्या वर्षी भरपूर विद्यार्थी असतात पण तिसऱ्या वर्षी चार-पाचच उरतात, त्या विषयाचे पद धोक्यात येते, आणि पद गेले की विषयच बंद होण्याची वेळ येते. पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. म्हणून प्रवेश घेताना केवळ पहिल्या वर्षाची यादी पाहू नये. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला या विषयात किती जण बसले होते, ते विचारावे. त्याचप्रमाणे विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही विचारावे. एकाच महाविद्यालयात रसायनशास्त्र अनुदानित आणि सूक्ष्मजीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र विनाअनुदानित असू शकते. दुसऱ्या प्रकारात शुल्क अधिक असते, आणि शिक्षकांचा पगार त्या शुल्कातूनच भागवावयाचा असल्यामुळे विद्यार्थी कमी झाले की सर्वच डळमळते.

माणसांनंतर प्रयोगशाळा, आणि येथे मी वाचकाला जरा थांबावयास सांगतो, कारण विज्ञानाचे शिक्षण या एका खोलीवर तरते किंवा बुडते. प्रयोगशाळा पाहावयाची ती रिकामी नव्हे, प्रात्यक्षिक चालू असताना पाहावी. प्राचार्यांकडे अर्ज करून किंवा विभागप्रमुखांना भेटून तशी परवानगी मागितली, तर कोणीही सुज्ञ शिक्षक ती नाकारणार नाही. आत गेल्यावर महागड्या यंत्रांवर दृष्टी टाकण्यापूर्वी टेबले पाहावीत. एका ब्युरेटवर किती मुले उभी आहेत? अनुमापन करणारा एक आणि पाहणारे पाच, असे दृश्य असेल तर त्या पाचांना पदवी मिळेल, विद्या मिळणार नाही. द्रावणे कोण तयार करतो? प्रयोगशाळा परिचराने आदल्या दिवशी बाटल्या भरून ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याने केवळ रंग बदलल्याचे आकडे टिपावेत, ही पद्धत फार पसरली आहे. पण पदार्थ तोलणे, विरघळविणे, मापकूपीतील खुणेपर्यंत पाणी भरणे आणि आपण केलेल्या द्रावणाची खरी तीव्रता काढणे, हीच तर रसायनशास्त्रातील मुळाक्षरे आहेत. तराजू चालू स्थितीत आहे काय, आणि तो वापरण्याची विद्यार्थ्याला मुभा आहे काय? वर्णपटमापीवरचे आच्छादन निघते काय, की तपासणी समिती यावयाच्या दिवशीच तेवढे निघते? मोडलेले उपकरण दुरुस्त होऊन यावयास किती काळ लागतो? गेल्या वर्षाची प्रात्यक्षिकांची वही, जिला सर्वजण ‘जर्नल’ म्हणतात, ती उघडून पाहावी: वर्गातील सर्वांची निरीक्षणे शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळत असतील, तर ती निरीक्षणे झालेली नाहीत, उतरविलेली आहेत, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. ज्या वहीत खोडाखोड आहे, प्रयोग पुन्हा केल्याची नोंद आहे आणि समासात शिक्षकाने लाल शाईने कारण विचारले आहे, ती वही पाहून त्या विभागाविषयी विश्वास ठेवावा.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनी याखेरीज दोन गोष्टी पाहाव्यात: वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह कोणत्या सालापर्यंत वाढलेला आहे, आणि क्षेत्रभेटी खरोखर निघतात काय. संग्रहातील शेवटची नोंद वीस वर्षांपूर्वीची असेल, तर विभागाचे कुतूहलही तेथेच थांबले असावे, असे मानण्यास हरकत नाही.

भाषेचा मुद्दा सहसा कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो निर्णायक ठरतो. आपल्याकडील मुले दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि बी.एस्सी.ची पाठ्यपुस्तके, फळ्यावरची मांडणी आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. चांगला शिक्षक फळ्यावर इंग्रजीत लिहितो आणि मराठीत उलगडून सांगतो. एन्ट्रॉपीची कल्पना बीड जिल्ह्याच्या बोलीत समजावून देता येते, आणि ती एकदा पटली की इंग्रजी वाक्य आपोआप सुटू लागते. याउलट, पुस्तकातील इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचून दाखविणे म्हणजे शिकविणे, अशी समजूत जेथे आहे, तेथे हुशार विद्यार्थीही पाठांतराकडे ढकलला जातो. एक-दोन तासांना मागच्या बाकावर बसून ऐकावे. यातील फरक कळावयास वेळ लागत नाही.

नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, श्रेणीविषयी थोडक्यात सांगतो. १९९४ साली स्थापन झालेली ही परिषद सात निकषांवर संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करून चार गुणांच्या मापावर श्रेणी देत आली आहे. तीत ग्रंथालय, प्रशासन, क्रीडा, माजी विद्यार्थी, सामाजिक उपक्रम असे सर्व काही मोजले जाते. श्रेणी पाहावी, पण तुमच्या विषयाच्या प्रयोगशाळेविषयी ती स्वतंत्रपणे काही सांगत नाही, हे लक्षात ठेवावे. तिच्यापेक्षा उपयुक्त दस्तऐवज म्हणजे महाविद्यालयाने परिषदेला सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल, जो संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेला असतो. त्यात मंजूर आणि भरलेल्या पदांचे आकडे आणि ग्रंथालयावरील खर्च मिळतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची पदवी महाविद्यालयांसाठी ‘स्टार कॉलेज’ योजना आहे. तिचा लाभ एखाद्या विभागाने घेतला असेल, तर ती बाब मात्र थेट प्रयोगशाळेशी संबंधित असल्यामुळे वजनदार मानावी.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही पदवीची रचना पालटली आहे. आता एक प्रमुख विषय, त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, शिवाय आपल्या शाखेबाहेरचे काही अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यानुभव, अशी मांडणी असते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला असतो. कला, वाणिज्य आणि विज्ञान एका छपराखाली असलेल्या महाविद्यालयाला या रचनेत प्रथमच खरा लाभ होण्याचा संभव आहे, कारण रसायनाच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचा किंवा मराठी साहित्याचा अभ्यासक्रम शेजारच्याच वर्गात मिळू शकतो. परंतु धोरणात जे विषय शक्य आहेत, ते सर्व प्रत्येक महाविद्यालयात मिळतीलच असे नाही. आपल्याला हवा तो विषय प्रमुख म्हणून शेवटपर्यंत घेता येतो काय, तो कोणत्या वर्षी पक्का करावा लागतो, पदार्थविज्ञानाबरोबर गणित दुय्यम घेतले तर वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी येतात काय, आणि चौथ्या वर्षाची व्यवस्था या विभागात आहे की त्यासाठी दुसरीकडे जावे लागेल, हे चार प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

क्षेत्रीय प्रकल्पाचा उल्लेख आला म्हणून, परळीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी जितकी सामग्री या गावाच्या शिवारात सापडते, तितकी मोठ्या शहरातही सापडणार नाही. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, आणि जुने संच निवृत्त झाल्यावर आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. ती राख म्हणजे मुख्यतः सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड, आणि चुन्याच्या सान्निध्यात ती सिमेंटसारखी घट्ट होते. तिच्यामुळे आसपासच्या पिकांवर, मातीवर आणि माणसांच्या श्वसनावर काय परिणाम होतो, हा परळीकरांच्या रोजच्या तक्रारीचा विषय आहे. तो तक्रारीपुरताच का राहावा? पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने बाष्पचक्राची कार्यक्षमता पुस्तकातील आकृतीवरून शिकावी आणि खिडकीतून दिसणाऱ्या शीतन-मनोऱ्याशी तिचा संबंध त्याला कोणी लावून देऊ नये, हे मला खेदाचे वाटते. २०१५ साली पाणी नसल्यामुळे हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज करावयास पाणी किती आणि का लागते, याचा त्याहून स्पष्ट धडा कोणता असेल? पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे, आणि त्याच्या भेगांतून येणाऱ्या विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मुरलेले असतात. त्या पाण्याचा जडपणा मोजावयास ईडीटीएचे द्रावण, योग्य सामू राखणारे बफर आणि एक दर्शक एवढेच लागते. लालसर रंग जाऊन निर्भेळ निळा आला की मापन संपले. पन्नास विहिरींचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासले, तर तालुक्याला उपयोगी पडेल असा नकाशा पदवीचे विद्यार्थी तयार करू शकतात. अंबाजोगाईच्या पारड्यातही असेच वजन आहे: तेथे गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, आणि जीवशास्त्राकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याला त्या शेजाराचा उपयोग होऊ शकतो, अर्थात त्याच्या प्राध्यापकांनी तशी तजवीज केली असेल तर. विभागाला प्रश्न विचारावा: गेल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांनी कोणते प्रकल्प केले? उत्तर आंतरजालावरून उतरविलेल्या शीर्षकांचे आले, तर ते ओळखू येते.

आता अंतर. २५ किलोमीटर म्हणजे काही परगाव नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक पाहावे. सैद्धान्तिक तास सकाळी उरकतात, पण प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि अनुमापन अर्धवट टाकून कोणालाही मोटार गाठता येत नाही. अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळच्या घाटनांदूर स्थानकावर उतरून पुन्हा रस्त्यानेच जावे लागते, म्हणून परळीहून रोज ये-जा करणाऱ्याला एस.टी.वाचून मार्ग नाही. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना सर्व एस.टी. गाड्यांत निम्मे भाडे पडते, त्यामुळे पैशाचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. प्रश्न आहे तो वेळेचा, आणि मुलींच्या बाबतीत घरच्यांच्या संमतीचा. येथे मी पालकांना हात जोडून विनंती करीन. मुलगी परगावी जाणार म्हणून तिला गावातल्या महाविद्यालयात घालावयाचे आणि मुलाला मात्र लातूरला ठेवावयाचे, हा निर्णय विषयाचा विचार करून झालेला नसतो. तिला जो विषय शिकावयाचा आहे त्याचा विभाग अंबाजोगाईत अधिक सकस असेल, तर वसतिगृहाची चौकशी करावी, सोबतीला दुसरी मुलगी शोधावी, संध्याकाळच्या गाडीची वेळ पाहावी. या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. मात्र दोन्हीकडचे विभाग जवळपास समान असतील, तर मी निःसंकोचपणे सांगेन की आपल्या गावात राहावे, आणि प्रवासात जाणारे रोजचे दोन तास ग्रंथालयात घालवावेत. महाविद्यालय एन-लिस्ट योजनेचे सदस्य असेल तर हजारो नियतकालिके आणि ग्रंथ विद्यार्थ्याला घरबसल्या वाचता येतात. त्यासाठी ग्रंथपालाकडून खाते उघडून घ्यावे लागते, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांना हे माहीतच नसते.

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मोठ्या महाविद्यालयांचा पर्याय अर्थातच आहे. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय स्वायत्त असल्याने अभ्यासक्रम स्वतः आखते, आणि लातूर जिल्हा १९९४ पासून नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या मोठ्या महाविद्यालयांत सोयी अधिक आहेत. पण राहण्या-जेवणाचा खर्च आणि वर्गातील संख्या हीही अधिक आहे, आणि शिक्षकाने विद्यार्थ्याला नावाने हाक मारण्याचा लाभ तेथे कमी जणांना मिळतो.

हा लाभ भावनेपुरता नाही. पुढच्या वाटा शिक्षकाच्या माहितीवर आणि त्याच्या शिफारसपत्रावर अवलंबून असतात. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळते, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००४ पासून राष्ट्रीय उपक्रम चालतो, भारतीय विज्ञान अकादमी उन्हाळ्यात देशभरच्या प्रयोगशाळांत काम करण्यासाठी छात्रवृत्ती देते, आणि आय.आय.टी.त एम.एस्सी. करावयाची तर ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी लागते. या चारही गोष्टींची नावे विभागप्रमुखांपुढे काढून पाहावीत, आणि यांपैकी कोणत्यासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते ते विचारावे. निवड झाली नसली तरी चालेल. अर्ज गेले होते काय, एवढे पुरेसे आहे.

इतके करूनही निवड चुकली असे पहिल्या वर्षाअखेर वाटले, तर मार्ग बंद होत नाही. २०२१ पासून श्रेयांक पेढीत प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते असते आणि उत्तीर्ण केलेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक त्यात जमा होतात. एकाच विद्यापीठातील दोन महाविद्यालयांत अभ्यासक्रमही एकच असल्यामुळे परळीहून अंबाजोगाईस किंवा अंबाजोगाईहून परळीस दुसऱ्या वर्षी जाणे तुलनेने सोपे पडते. त्यासाठी मूळ महाविद्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे लागतात, आणि ज्या विषयाला जावयाचे त्यात जागा रिकामी असावी लागते. म्हणून आधी नव्या महाविद्यालयातील विभागप्रमुखांकडून जागेची आणि विषयजोडीची खात्री करून घ्यावी, आणि मगच जुन्या कचेरीत दाखल्यासाठी अर्ज द्यावा. हा क्रम उलटा झाला, तर प्रवेशाची मुदत टळून वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.